चित्र सगळ्यांसाठी खुलं, तरी मालकी चित्रकाराचीच! ओपन लायसन्स म्हणजे नेमकं काय?

मार्च 2025 मध्ये चॅटजीपीटीचं नवं इमेज टूल आलं आणि बघता बघता लग्नाचे, घरच्यांचे, अगदी नेत्यांचे फोटोही जपानच्या स्टुडिओ जिबलीच्या रूपात फिरू लागले. हयाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं हाताने चित्रं काढून घडवलेली ही शैली कुणीही वापरावी का, यावर वादही झाला. या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. कल्पना कुणाची? आणि चित्र कुणाचं?

कायदा काय सांगतो?

भारताचा 1957 चा कॉपीराइट कायदा कल्पनेला नाही, तर तिच्या मांडणीला संरक्षण देतो. 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा सिनेमा उचलल्याचा आरोप झाला होता. दोन्हींचा विषय प्रांतवाद. पण मांडणी वेगळी असल्याने हे उल्लंघन नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये सांगितलं.

म्हणजे जादूगार मुलगी आणि तिचं मांजर, ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. पण तुम्ही काढलेलं त्यांचं चित्र तुमचं. ते काढलं की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे गूगलवर दिसलेलं चित्र आपोआप फुकट होत नाही. खाली 'क्रेडिट टू ओनर' लिहिलं म्हणून परवानगीही मिळत नाही.

मग ओपन लायसन्स कशासाठी?

प्रत्येकाला वेगळी परवानगी देत बसण्यापेक्षा चित्रकार ती आधीच, अटींसह जाहीर करतो. त्यासाठी 2001 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था सुरू झाली. तिची लायसन्स चार अटींवर चालतात:

- बाय: नाव द्या, मग वापरा.
- एसए: बदल करून शेअर केलंत, तर तेही याच लायसन्सखाली खुलं ठेवा.
- एनसी: धंद्यासाठी वापरू नका.
- एनडी: बदललेलं चित्र पुढे शेअर करू नका.

यात मालकी सुटत नाही. मात्र एकदा दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही.

खुलं ठेवून काय होतं?

फ्रान्सचे चित्रकार डेव्हिड रेव्हॉय 2014 पासून 'पेपर अँड कॅरट' हे वेबकॉमिक 'सीसी बाय' लायसन्सखाली देतात. जादूगार मुलगी आणि तिच्या मांजराची ही गोष्ट वाचकांनीच अनेक भाषांत नेली. 2016 मध्ये ग्लेना या मोठ्या फ्रेंच प्रकाशनाने तिचं पुस्तक छापलं. लायसन्सनुसार पैसे देणं बंधनकारक नव्हतं, तरी ग्लेनाने रेव्हॉय यांना आर्थिक पाठबळ दिलं.

पण 2021 मध्ये त्यांनी खुल्या ठेवलेल्या मांजरांच्या चित्रांवरून कुणीतरी एनएफटी विकायला काढले. रेव्हॉय यांनी जाहीर विरोध केला आणि आपल्या नैतिक हक्काचा दाखला दिला.

भारतातही कलम 57 नुसार हा हक्क आहे. कॉपीराइट विकल्यावरही तो कलाकाराकडेच राहतो. विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढलं आणि त्याची मोडतोड झाली, तेव्हा दिल्ली हायकोर्टाने 2005 मध्ये ते परत करायला लावून पाच लाखांची भरपाईही दिली.

जिबलीच्या प्रश्नाचं काय?

शैली कुणाच्या मालकीची नसल्याने कोणतंही लायसन्स तिला कुलूप लावू शकत नाही. लायसन्स चालतं ते प्रत्यक्ष काढलेल्या चित्रावर. ती चित्रं न विचारता एआयला शिकवायला वापरावीत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर अनेक देशांत कोर्टात भांडण सुरू आहे.

तोवर दोन गोष्टी प्रत्येकाच्या हातात आहेत. दुसऱ्याचं चित्र उचलण्याआधी त्याचं लायसन्स बघणं, आणि आपलं चित्र खुलं करण्याआधी एक विचार करणं: हे उद्या कुणी विकलं, तर चालेल का? नसेल, तर 'एनसी'ची अट पोस्ट टाकण्याआधीच लावायला हवी.