बाग काढल्याचा फोटो कोणी टाकत नाही



बाग लावली की आपण फोटो टाकतो. पहिली कळी निघाली की टाकतो, क्रेटची थप्पी लागली की टाकतो. बाग काढल्याचा फोटो मात्र कोणी टाकत नाही. सांगोला, आटपाडी, माण या पट्ट्यात मर रोगानं आणि पिन होल बोररनं डाळिंबाच्या किती बागा गेल्या, ते रस्त्यानं जाताना दिसतं. मोबाईलवर मात्र सगळं हिरवंगार. मग ज्याची बाग गेली त्याला वाटतं, आपलीच गेली, आपणच कमी पडलो.

आज त्याच्यावरच लिहितोय. या पोस्टमधी औषधाचा डोस नाही, आधीच सांगतो.

माझं मत साधं आहे. गेलेली बाग काढणं हे छाटणी-विरळणीसारखं शेतीतलंच एक काम आहे. ते मनाला झेपायचं असेल तर आधी त्या बागेचे आभार मानावे लागतात. नुसती उपटली तर ती रानातनं जाते, डोक्यातनं जात नाही.

आमची दीड एकर भगवा होती. २०११ ची लागण, १४ बाय १०, साडेचारशेच्या वर झाडं. २०२० च्या ऑक्टोबरातल्या त्या अतिवृष्टीत रानात पाणी साचून राहिलं आणि पुढं मर वाढत गेली. आज एक फांदी पिवळी, पंधरा दिवसात झाड वाळलेलं. खोड आडवं कापलं की आत काळपट डाग. त्या अशक्त झाडांवर बोररनं टाचणीएवढी भोकं पाडली. खोडाला पेस्ट लावली, आळवण्या झाल्या. तरी २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत दोनशेच्या आत झाडं उरली.

आण्णा रोज सकाळी बांधावर जाऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. कुणी "काढून टाका की" म्हणलं की उठून जायचे. मला त्यांचं कळत होतं. ती झाडं त्यांनी पहिली दोन वर्षं लेकरासारखी जपली होती. टँकरच्या पाण्यावर जगवलेलं झाड काढायला हात धजत नाही.

मग एका रात्री आईनंच वही काढायला लावली. म्हणाली, "खर्चाचं रोजच बोलतोय आपण. जमेचं पान काढा." लिहायला बसलो. बहिणीचं लग्न याच बागेवर. शेततळ्याचा कागद याच बागेवर. सोसायटी दोनदा नील केली. पोरीची फार्मसीची पहिली फी. ठिबकचा संच. दहा वर्षं छाटणीला आणि तोडणीला येणाऱ्या बायांच्या घरात गेलेली मजुरी, तीही लिहिली. पान भरलं. आण्णा बराच वेळ ते पान बघत बसले आणि म्हणाले, "लई दिलं की रे हिनं." आठ दिवसांनी त्यांनीच जेसीबीवाल्याला फोन लावला. आईनं बांधाकडच्या पहिल्या झाडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मग मशीन रानात गेलं. आण्णा रडले. रडू दिलं.

आता कुणी म्हणेल, ही भावनेची गोष्ट झाली, शेतीचा काय संबंध? संबंध आहे. माणूस बाग सोडत नाही तोवर पुढचं पीक धरत नाही. दोन वर्षं अर्ध्या मेलेल्या बागेला पाणी, खत, फवारणी चालू राहते. उत्पन्न निम्म्याच्या खाली आणि खर्च मात्र पुऱ्या बागेचा. हा तोटा रोगाचा नाही, न सोडल्याचा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. आभार मानणं म्हणजे "दुसऱ्याचं बघ, त्याच्यापेक्षा तुझं बरं आहे" हे नव्हे. ही तुलना झाली. ज्याचं गेलंय त्याला ती ऐकवू नका, मीठ चोळल्यासारखं होतं. आपल्याकडं आभार कसे मानतात ते बेंदराला बघा. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. हळद-तूप लावतात ते खांद्यावर, जिथं वर्षभर जू घासलं तिथंच. शिंगं रंगवायचं काम नंतरचं. दुखलेल्या जागी हात ठेवून आभार मानायचे, ही आपली रीत. दुखलंच नाही असं म्हणायचं नाही.

दुसरं. सोडायचं म्हणजे सगळंच सोडायचं नाही. बाग सोडा, "लोक काय म्हणतील" हे सोडा, गेल्या सालच्या भावाचा हिशोब सोडा. पण पंचनाम्याची प्रत सोडू नका, विम्याचा अर्ज सोडू नका, बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारायचं सोडू नका. मन मोकळं करणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं.

तिसरं, काढायची तर नीट काढा. मर लागलेलं झाड मुळासकट उकरा आणि चांगल्या झाडांमधनं ओढत नेऊ नका. त्याची मुळं आणि माती जिथं सांडते तिथं रोग जातो. बोरर लागलेली लाकडं "सरपणाला होतील" म्हणून बांधावर रचू नका, भुंगेरे त्यातनंच बाहेर पडतात. लगेच जाळा. कात्री, करवत निर्जंतुक करा. उन्हाळ्यात रान तापू द्या. मग ताग किंवा धैंचा गाडा, ज्वारी-मका घ्या. सूत्रकृमी असेल तर झेंडू घ्या. त्याच जागेवर लगेच डाळिंब नको. जमिनीलाही वेळ लागतो. माणसाला लागला तर त्यात लाज कसली?

आता दोन शब्द आमच्या सल्लागार आणि कृषी खात्यातल्या मंडळींसाठी. तुम्ही बागेत आलात की आम्ही विचारतो, "साहेब, आता काय मारू?" तुम्ही कागदावर लिहून देता. माझी विनंती आहे, कधी कधी "आता काही मारू नका, थांबा" असंही लिहून द्या. तो सल्ला कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही, म्हणून तो तुमच्याकडनंच यायला पाहिजे. आणि तो देताना झाडाच्या खोडाबरोबर एकदा माणसाच्या तोंडाकडंही बघा. किती रात्री झोपला नाही, ते तिथं दिसतं.

ज्याला खरंच झोप लागत नाही, घास गिळत नाही, मनात भलतंसलतं येतंय, त्यानं जमेचं पान लिहीत बसू नये. त्यानं आधी माणसाशी बोलावं. घरच्याशी, मित्राशी, डॉक्टरशी. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ताप आला की गोळी घेतो तसंच हे. आणि शेजारच्याची बाग गेली असेल तर जाऊन बसा त्याच्यापाशी. सल्ला देऊ नका. चहा घ्या आणि बागेनं काय काय दिलं ते त्यालाच विचारा. तो बोलायला लागतो, मी बघितलंय.

त्या रानात आता ज्वारी आहे. ठिबक तेच, शेततळं तेच. म्हणजे बाग गेली तरी पुरती गेली नाही, तिच्या पाण्यावरच पुढचं पीक उभं आहे. आण्णा अजून सकाळी बांधावर जातात, आता पाखरं हाकायला.

ज्यांनी यंदा बाग काढली असेल, डाळिंब असो, द्राक्ष असो, लिंबू असो, त्यांनी मोकळ्या रानाचा फोटो टाका. खाली लिहा, किती वर्षं होती आणि तिनं काय दिलं. बाकीच्यांनी भाव, जात, औषध काही विचारू नका. वाचा आणि "राम राम" म्हणा, बास.