जेंटीचे पाय आणि संघाचा हिशेब
- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये २०२४ च्या मोसमात बॉयसी स्टेट विद्यापीठाच्या अ‍ॅश्टन जेंटीने चेंडू घेऊन २,६०१ यार्डांची धाव घेतली. बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटकडून खेळताना नोंदविलेला २,६२८ यार्डांचा विक्रम त्याच्यापासून अवघा २७ यार्ड दूर राहिला. म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून जेमतेम पाच यार्ड अधिक! पुढच्याच वर्षी हा खेळाडू व्यावसायिक मैदानात उतरला आणि पहिल्या मोसमात त्याच्या नावावर धावेचे ९७५ यार्ड जमा झाले. एका वर्षात प्रतिभा आटली, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मग नेमके काय बदलले? जेंटीच्या भवितव्याचा विचार करताना खरा प्रश्न त्याच्या गुणवत्तेचा नसून, ती गुणवत्ता कोण, कशी आणि किती वेगाने खर्च करतो, याचा आहे.

अमेरिकन फुटबॉलशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अकरा खेळाडूंच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. चेंडू प्रथम क्वार्टरबॅककडे येतो. तो एकतर दूरवर पास देतो, अन्यथा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हाती चेंडू सोपवितो. रनिंग बॅकने प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून वाट काढायची. कबड्डीत चढाई करणाऱ्याला जशी पकड चुकवावी लागते तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे शंभर-सव्वाशे किलोंचे खेळाडू पूर्ण वेगाने अंगावर येतात आणि एका सामन्यात हे वीस-पंचवीस वेळा घडते. रनिंग बॅकची कारकीर्द या खेळात सर्वांत अल्पजीवी गणली जाते, ती यामुळेच.

गुणवत्ता निर्विवाद

जेंटीची उंची पाच फूट नऊ इंचांच्या आतबाहेर, वजन सुमारे ९६ किलो. वडील अमेरिकी नौदलात असल्याने त्याच्या बालपणाचा काही काळ इटलीतील नेपल्स येथे गेला आणि फुटबॉलचे पहिले धडेही त्याने तेथेच गिरविले. पुढे टेक्सासमधील शाळेतून तो आयडाहोतील बॉयसी स्टेट येथे आला. चेंडू खेळात येण्यापूर्वी हात सैल सोडून ताठ उभे राहण्याची त्याची लकब प्रेक्षकांच्या चांगलीच परिचयाची झाली. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र पहिल्या धडकेनंतर दिसते. ठेंगणी, भक्कम शरीरयष्टी आणि विलक्षण तोल यांमुळे एकट्या बचावपटूला तो सहसा दाद देत नाही. २०२४ मधील त्याच्या यार्डांपैकी बहुतांश यार्ड प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्यानंतरचे होते.

त्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्याने जॉर्जिया सदर्नविरुद्ध २६७ यार्ड आणि सहा टचडाउन केले. पुढच्या सामन्यात बलाढ्य ओरेगनविरुद्ध १९२ यार्ड आणि तीन टचडाउन केले. तो सामना बॉयसी स्टेटने ३४-३७ असा थोडक्यात गमावला. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच त्याची मात्रा चालते, हा आक्षेप तेथेच निकालात निघाला. मोसमाअखेर मॅक्सवेल आणि डोक वॉकर हे दोन्ही पुरस्कार त्याला लाभले. मानाच्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरपाठोपाठ दुसरा आला.

दोन मोसम, दोन भूमिका

तथापि, २०२४ च्या झगमगाटात २०२३ चा मोसम झाकोळून गेला, हे जाणकारांनी लक्षात घ्यावयास हवे. त्या वर्षी जेंटी २२० वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याने १,३४७ यार्ड मिळविले. शिवाय ४३ पास झेलून ५६९ यार्डांची भर घातली. म्हणजे एकूण २६३ वेळा चेंडू हाती आला आणि प्रत्येक वेळी सरासरी ७.३ यार्ड पदरात पडले. २०२४ मध्ये धावांची संख्या ३७४ वर गेली, झेललेले पास मात्र २३ वर आले. एकूण ३९७ वेळा चेंडू हाती येऊन सरासरी ६.९ यार्ड. यार्डांची रास मोठी झाली, पण प्रत्येक प्रयत्नाचे मोल किंचित घटले आणि शरीरावरील भार दीडपट झाला.

प्रशिक्षक स्पेन्सर डॅनियलसन यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरेल. या एका खेळाडूच्या खांद्यावर बसून बॉयसी स्टेटने १२ सामने जिंकले आणि बारा संघांच्या पहिल्याच राष्ट्रीय बादफेरीत तिसरे मानांकन मिळविले. आडबाजूच्या विद्यापीठासाठी ही कामगिरी ऐतिहासिकच म्हणावी लागेल. मात्र एकखांबी तंबूचा धोकाही तेथेच उघड झाला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी फिएस्टा बाउलमध्ये पेन स्टेटने सारा बचाव जेंटीभोवती उभा केला. तो ३० वेळा धावला, पण त्याला १०४ यार्डांवर रोखण्यात आले. बॉयसी स्टेट १४-३१ असा पराभूत झाला आणि सँडर्सचा विक्रमही अबाधित राहिला. सँडर्सने तो विक्रम अकरा सामन्यांत केला होता, तर जेंटी चौदा सामने खेळला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

व्यावसायिक मैदानातील धडा

एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगास रेडर्सने जेंटीची सहाव्या क्रमांकावर निवड केली. चार वर्षांचा, सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचा हमीबद्ध करार झाला. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नव्हता, हे ध्यानात घेता हा मोठाच सन्मान होता. पण रेडर्सची दुखणी जुनी होती. २०२४ मध्ये चेंडू घेऊन धावण्यात हा संघ सर्व ३२ संघांत तळाला होता. अशा संघात एक उत्तम धावपटू आणून बसविला की आक्रमण सुधारेल, हा समज भाबडा ठरला. आघाडीच्या फळीतील अनुभवी कोल्टन मिलर सप्टेंबरच्या अखेरीस घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि होती ती भिंतही खचली. जेंटी २६६ वेळा धावला; सरासरी जेमतेम ३.७ यार्ड. संघाने तीन सामने जिंकले, चौदा गमावले. प्रशिक्षक पीट कॅरोल यांना एकाच मोसमानंतर पायउतार व्हावे लागले.

त्याच मोसमात जेंटीने ५५ पासही झेलले. संख्येकडे पाहता हे २०२३ च्या भूमिकेकडे परतणे वाटेल. परंतु त्यातून मिळाले ३४६ यार्ड, म्हणजे दर झेलामागे ६.३. बॉयसी स्टेटकडून २०२३ मध्ये हाच आकडा १३.२ होता. विद्यापीठात त्याला मोकळ्या जागेत, धावता धावता चेंडू मिळत असे. रेडर्सकडे मात्र बव्हंशी अन्य कोणी मोकळे नसताना, नाइलाजाने टाकलेले तोकडे पास त्याच्या वाट्याला आले. चेंडू किती वेळा दिला यापेक्षा तो कोठे दिला, याला महत्त्व आहे, हेच या दोन आकड्यांतून दिसते.

फळी बदलली की खेळाडू कसा बदलतो, याचे ताजे उदाहरण सॅक्वॉन बार्कली याचे आहे. न्यूयॉर्क जायंट्सकडून २०२३ मध्ये त्याची सरासरी ३.९ यार्ड होती. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सच्या बलदंड फळीमागे उभा राहिला आणि ५.८ च्या सरासरीने त्याने २,००५ यार्ड केले. संघाने सुपर बाउलही जिंकला. मात्र २०२५ मध्ये फळी पूर्वीइतकी धडधाकट न राहिल्याने त्याचीही मजल बाराशे यार्डांच्या आतच राहिली.

इतिहासातील इशारा

जेंटीच्या चाहत्यांनी केव्हिन स्मिथची कारकीर्द जरूर आठवावी. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या या धावपटूने २००७ मध्ये तब्बल ४५० वेळा धावून २,५६७ यार्ड केले होते. तोही सँडर्सच्या विक्रमाच्या उंबरठ्यावरून परतला. पुढच्या वर्षी तो डेट्रॉइट लायन्सकडे गेला. सोळाच्या सोळा सामने हरलेल्या त्या संघात त्याने पहिल्या मोसमात ९७६ यार्ड केले. जेंटीच्या आकड्याहून फक्त एक यार्ड अधिक! डिसेंबर २००९ मध्ये स्मिथचा गुडघा गेला आणि त्यानंतर त्याची गाडी पूर्वपदावर आली नाही. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, हे खरे. पण दुबळ्या संघात एकाच खेळाडूला जुंपण्याची किंमत कोण मोजतो, हे यातून स्पष्ट व्हावे.

ही किंमत पूर्वी तर फुकटात वसूल केली जात असे. शालेय शिक्षण संपल्यानंतर तीन वर्षे उलटल्याशिवाय व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश नाही, असा नियम आहे. परिणामी धावपटूची ताजी वर्षे विद्यापीठाच्या चरणी वाहिली जातात. साउथ कॅरोलिनाच्या मार्कस लॅटिमोरने २०१० मध्ये पहिल्याच मोसमात १,१९७ यार्ड केले. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचा डावा गुडघा जायबंदी झाला, ऑक्टोबर २०१२ मध्ये उजवा. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्याला निवडले खरे. पण एकही अधिकृत सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली. ज्या वर्षांत त्याचे पाय शाबूत होते, त्या वर्षांचा मोबदला म्हणजे केवळ शिष्यवृत्ती.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रतिमेच्या व्यावसायिक वापराचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे त्यांना उत्पन्नातील वाटा थेट देऊ लागली असून, त्यासाठी पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा घालण्यात आली. जेंटी या बदलाच्या काळातील खेळाडू आहे. २०२३ नंतर बड्या विद्यापीठांची दारे खुली असतानाही तो बॉयसी स्टेटमध्येच राहिला. त्याच्या निष्ठेचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण निष्ठेच्या त्या एका वर्षात त्याने ३७४ धावांचा मार शरीरावर घेतला, हेही विसरता येणार नाही.

पुढे काय?

डिसेंबर २००३ मध्ये जन्मलेल्या जेंटीचा करार २०२८ च्या मोसमाअखेर संपेल तेव्हा तो पंचविशीत असेल. संघाने पहिल्या फेरीतील खेळाडूंसाठीचा पाचव्या वर्षाचा पर्याय वापरला, तर सव्विशीत. रनिंग बॅकच्या उताराची सुरुवात साधारणपणे त्यानंतर लगेच होते. म्हणजे त्याच्या सर्वोत्तम काळाचा जवळपास सारा हिशेब या एकाच करारात होणार आहे. विद्यापीठातील ७५० धावा आधीच खर्ची पडल्या आहेत.

आपल्याकडे जसप्रीत बुमराला २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळविण्याचा निर्णय झाला, तेव्हा बरीच टीका झाली. पण जपून वापरावयाची गोष्ट जपूनच वापरली पाहिजे, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. जेंटीच्या बाबतीतही तोच लागू पडतो. प्रशिक्षक कोणीही असो, त्याने आधी फळी सावरावी, धावांचा भार दुसऱ्या जोडीदाराबरोबर वाटून द्यावा आणि जेंटीला २०२३ सारखे मोकळ्या जागेत पास झेलू द्यावे. त्याच्या धावा तीनशेच्या पुढे गेल्या की संघ सुधारला, असे मानण्याचे कारण नाही. दर वेळी चेंडू हाती आल्यावर तो किती यार्ड मिळवितो, हा आकडा २०२५ मध्ये ४.१ होता. तो पाचाच्या पुढे सरकला, तर रेडर्सना आपल्या हाती काय आहे हे उमगले, असे खुशाल समजावे. तसे झाले नाही, तर दोष जेंटीच्या पायांना देता येणार नाही.