सात पिढ्यांचं अंतर

गडगंज घराबद्दल आपण म्हणतो, सात पिढ्या बसून खातील. २०१८ साली ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या अहवालात हाच सातचा आकडा गरिबाच्या नावापुढे आला. तळच्या दहा टक्क्यांत असलेल्या भारतीय घराला देशाच्या सरासरी मिळकतीपर्यंत पोचायला सात पिढ्या लागतील, असा तो अंदाज. अमेरिकेत पाच, डेन्मार्कमध्ये दोन.

हिशेब ढोबळ आहे, पण त्यामागचा प्रश्न सोपा आहे. एका बापाची कमाई दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त असेल, तर त्यांच्या मुलांच्या कमाईत त्यातला किती फरक उरतो? कॅनडाचे अर्थतज्ज्ञ माइल्स कोराक यांनी मांडलेल्या तुलनेत डेन्मार्कमध्ये जेमतेम दीड टक्का उरतो, ब्रिटन-इटलीत पाच. हे मोजणंही सोपं नाही. बापाची एकाच वर्षाची कमाई धरली, तर एखादं बरं किंवा वाईट वर्ष सगळं चित्र बदलून टाकतं. १९९२ मध्ये गॅरी सोलन यांनी अनेक वर्षांची सरासरी घेतली, तेव्हा कुठे अमेरिकेतली बापलेकांची गाठ आधीच्या समजुतीच्या जवळपास दुप्पट घट्ट निघाली.

मला मात्र या सगळ्यात फिनलंडची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तिथे पूर्वी अकराव्या वर्षीच मुलांची वाटणी व्हायची. काही जण विद्यापीठाच्या वाटेला लागायचे, बाकीचे लवकर कामाला. १९७२ ते १९७७ या काळात सरकारनं सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकच शाळा दिली. सुरुवात उत्तरेकडच्या लॅपलँडपासून झाली, राजधानी हेलसिंकीची पाळी शेवटी आली. बदल असा टप्प्याटप्प्यानं झाल्यामुळेच संशोधकांना जुन्या आणि नव्या शाळेतली मुलं ताडून पाहता आली. बापलेकांच्या कमाईतला संबंध ०.३० वरून ०.२३ वर आला होता, म्हणजे बापांमधल्या दहा टक्के फरकातले मुलांमध्ये जिथे तीन उरायचे, तिथे २.३ उरले. मुलांचे आईबाप तसेच होते, घरंही तशीच. सरकारनं फक्त वाटणी पाच वर्षं पुढे ढकलली होती.

आपल्याकडे अकराव्या वर्षाची वाट कोण पाहतं? तिसऱ्या वर्षीच एक मूल अंगणवाडीत जातं, त्याच गल्लीतलं दुसरं फी भरून नर्सरीत. पुढे ती दोघं एका बाकावर क्वचितच बसतात.