तरुणांच्या कथेला संशोधनाचा मान

धर्मग्रामातील युवकांविषयी आपल्या बैठकांत पुष्कळ चर्चा होते. ते मिस्साला का येत नाहीत, परदेशी का जातात, व्यसनांकडे का वळतात, याची उत्तरे वडीलधाऱ्यांपाशी बहुधा तयार असतात. युवकांनी स्वतः आपल्या समाजाचा अभ्यास करावा आणि आपण तो ऐकावा, ही कल्पना मात्र अद्याप आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

या दिशेने मुंबईत एक लक्षणीय प्रयोग झाला. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी स्थापन केलेल्या 'पुकार' या संस्थेने २००५ साली युवा अभ्यासवृत्ती सुरू केली. तरुण-तरुणींच्या गटांनी आपल्याच जीवनातील प्रश्न निवडायचा, वर्षभर मुलाखती, निरीक्षणे आणि छायाचित्रे यांतून त्याचा शोध घ्यायचा व निष्कर्ष लोकांपुढे मांडायचे, असे तिचे स्वरूप होते. आपल्या परिस्थितीविषयी पद्धतशीर ज्ञान मिळविणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असा विचार अप्पादुराई यांनी २००६ साली मांडला.

अशा शोधात कलेचे स्थान मोलाचे आहे. पाण्यासाठी किती वेळ ताटकळावे लागते, हे प्रश्नावली सांगेल. त्या रांगेतील अपमान कथेतूनच उमगतो. स्वतःच्या नावाने जे बोलवत नाही, ते नाटकातील पात्राच्या मुखी घालता येते. मात्र कथा इतरांच्या अनुभवाशी ताडून पाहावी लागते, आणि ज्याची कथा त्याची संमती घेणे हा तर नीतीचाच भाग आहे.

ख्रिस्तसभेला ही वाट अपरिचित नाही. कार्डिनल जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांना 'पाहा, पारखा, कृती करा' ही पद्धत शिकविली. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. युवकांविषयीच्या २०१८ च्या सिनडने अम्माऊसच्या वाटेचा प्रसंग आदर्श म्हणून समोर ठेवला. त्या वाटेवर प्रभूने शास्त्राचा उलगडा करण्यापूर्वी शिष्यांची व्यथा त्यांच्याच तोंडून ऐकून घेतली.

वसईत विषयांची वाण नाही. खारट होणाऱ्या विहिरी, विकल्या गेलेल्या वाड्या, घरातून मावळत चाललेली सामवेदी बोली, असे कितीतरी. सणानिमित्त नाटके बसविणारी आपली युवामंडळे हे काम सहज पेलतील. प्रत्येक धर्मग्रामाने युवकांना एक वर्ष द्यावे, विषय त्यांनाच निवडू द्यावा, आणि त्यांच्या निष्कर्षांना पाळकीय मंडळाने जाहीर उत्तर द्यावे. ते उत्तर मिळाले नाही, तर टाळ्यांपलीकडे युवकांच्या हाती काहीच उरणार नाही.