पहिली विकेट पडल्यावर

सलामीच्या फलंदाजाला मैदानात जायची वेळ ठाऊक असते. पंच निघाले की तोही निघतो. पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या माणसाला चहा पिऊन, वर्तमानपत्र चाळून झालं तरी चालतं. तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाचं मात्र काही ठरलेलं नसतं. पॅड बांधून बसायचं, एवढंच त्याच्या हाती. बोलावणं दुसऱ्या चेंडूला येईल, नाहीतर जेवणानंतर येईल. आणि येईल तेव्हा समोर काहीतरी बिघडलेलंच असेल, कारण बिघडल्याशिवाय त्याला कोणी बोलावतच नाही!

गेल्या गणपतीत या तिसऱ्या क्रमांकावरून आमच्या नात्यातल्या एका घरात जो वाद रंगला, त्याबद्दल आज लिहायचं आहे. २४ ऑगस्ट २०२५, रविवार. चतुर्थी तीन दिवसांवर आली होती. मी देवासला चिक्कम्माकडे होते. सकाळी पोह्यांवर शेव पसरता पसरता बातमी आली की चेतेश्वर पुजारा निवृत्त झाला.

चिक्कम्मा म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. बेळगावात वाढलेली, घरात कन्नड आणि शाळेत मराठी, म्हणजे आपल्याकडच्या शेकडो घरांसारखीच. लग्न होऊन ती माळव्यात गेली. काकांचं घराणं पवारांच्या काळापासून देवासला स्थायिक झालेलं. त्यांची मराठी मोठी गोड, पण निम्मं हिंदी पोटात घेऊन चालणारी. काका "मी सांगून राहिलो ना" म्हणाले की समजावं, आता वाद मिटणार नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, धारला असतो. सणासाठी तोही आला होता. त्याच्या पिढीला द्रविड आठवतो तो म्हातारपणचा. त्याचा खरा हीरो पुजारा.

वादाला काकांनीच तोंड फोडलं. "गेला बिचारा. चांगला होता. पण आमच्या राहुलची सर नाही."

"आमच्या" या एका शब्दाने भांडण किती बाजूंनी पेटतं, ते आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. राहुल शरद द्रविड ११ जानेवारी १९७३ ला इंदूरला जन्मला. देवासपासून इंदूर तासाभराच्या आत, धारहून थोडं अधिक. म्हणून काकांच्या लेखी तो माळव्याचा. घरात बोली मराठी, म्हणून तो मराठी माणसांचा. आणि वाढला, शिकला, खेळला बंगळूरला, म्हणून चिक्कम्माच्या लेखी विषयच संपला. "नम्म हुडुग," एवढं म्हणून ती पुन्हा मोदकांच्या सारणाकडे वळली.

खरं तर सीमेवरच्या घरांना हा खेळ जुना आहे. आधीच्या पिढीत गावसकर की विश्वनाथ यावरून भाऊ भाऊ जेवताना अबोला धरत. तो वाद शेवटी त्या दोघांनीच सोयरिक करून मिटवला. गावसकरांची बहीण विश्वनाथांच्या घरी गेली. द्रविडच्या बाबतीत सोयरिकीची गरजच नव्हती, दोन्ही घरं एकाच माणसात नांदत होती. फेब्रुवारी १९९१ मध्ये कर्नाटकाकडून त्याने रणजीत पदार्पण केलं ते पुण्यात, आणि तेही महाराष्ट्राविरुद्ध! त्या डावात ८२ धावा काढल्या. आता सांगा, त्या दिवशी टाळ्या कोणी वाजवायच्या?

चिक्कम्माला क्रिकेटमधलं पायचीत आणि यष्टिचीत यातला फरक आजही नीट सांगता येणार नाही. पण १९९६ पासून पुढची काही वर्षं तिने एकही सामना चुकवला नाही. द्रविड, कुंबळे, श्रीनाथ, प्रसाद असे चौघे कर्नाटकाचे एकाच संघात होते. मैदानात ते आपसात कन्नड बोलत, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. देवासच्या त्या घरात तिच्याशी कन्नड बोलणारं कोणी नव्हतं. काकांना "ऊट आयतु"च्या पुढे दोन वाक्यं येत नाहीत. मुलगा समजतो, बोलत नाही. मग ही बाई आवाज बंद करून पडद्यावरच्या ओठांकडे बघत बसायची. सगळे हसायचे. मीही हसत असे. द्रविड पडद्यावर असेपर्यंत त्या घरात कोणीतरी तिच्या माहेरचं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पण वाद राहिला बाजूला. मावसभावाने मोबाइल काढला आणि आकडे मांडले. द्रविडच्या १६४ कसोटी, १३,२८८ धावा, ३६ शतकं, सरासरी ५२ च्या वर. पुजाराच्या १०३ कसोटी, ७,१९५ धावा, १९ शतकं, सरासरी ४३.६०. काका म्हणाले, झालं मग, कशाला बोलता? तर भाचा ऐकतोय होय! म्हणजे माझ्याच बहिणीचा मुलगा, तोही माझ्याबरोबर आला होता. त्याने सांगितलं की दोघांनी तीन हजार धावा ६७ डावांत, चार हजार ८४ डावांत आणि पाच हजार १०८ डावांत पूर्ण केल्या, अगदी तंतोतंत सारख्या. खोटं वाटेल, पण खरं आहे. पाच हजारांपर्यंत दोघे हातात हात घालून चालले. पुढे द्रविडची वाट चढत गेली आणि पुजाराची उतरत गेली.

मला विचाराल तर या जागेचा हिशेब धावांत करणं हेच चुकीचं आहे. तिसऱ्या क्रमांकाचा माणूस मागच्यांसाठी वेळ विकत आणत असतो. नवा चेंडू कडक असतो, शिवण उभी असते, गोलंदाज ताजेतवाने असतात. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा चेंडूची शिवण पंचवीस-तीस षटकांत बसते, मग तोच चेंडू निमूट बॅटवर येऊ लागतो. ही पंचवीस-तीस षटकं कोणीतरी अंगावर घ्यायची असतात. ती घेतली गेली की पाचव्या क्रमांकाचा येऊन चौकार मारतो आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो छापून येतो. म्हणून मोजायचेच तर चेंडू मोजावेत.

चेंडू मोजले तर द्रविडने कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळले. जगात आजवर इतके कोणीही खेळलेलं नाही. पुजाराचे सोळा हजारांच्या थोडे वर. भाच्याने लगेच भागाकार केला. एका डावाला द्रविडचे सरासरी १०९ चेंडू, पुजाराचे ९२. म्हणजे इथेही काका जिंकले. पण फरक धावांमधल्याइतका मोठा उरला नाही, आणि मावसभावाने तोच धागा पकडला.

त्याचं म्हणणं असं. द्रविडच्या मागे कोण होतं? तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण. भिंतीच्या मागे वाडा होता. पुजारा २०१८ च्या डिसेंबरात ॲडलेडला उभा होता तेव्हा ४१ धावांत ४ गडी गेले होते. तिथून त्याने १२३ काढल्या आणि भारताने ती कसोटी ३१ धावांनी जिंकली. त्या मालिकेत तीन शतकं, ५२१ धावा, आणि खेळलेले चेंडू १,२५८. ऑस्ट्रेलियात भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका. दोन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला शेवटच्या दिवशी हा माणूस २११ चेंडू उभा राहिला. हेल्मेटवर, बरगडीवर, बोटांवर मारा सोसत ५६ धावा केल्या. पंतने नाबाद ८९ करून सामना जिंकून दिला आणि १९८८ पासून त्या मैदानावर न हरलेली ऑस्ट्रेलिया हरली. "दादा, पंतचा फोटो आहे माझ्या भिंतीवर," मावसभाऊ आपल्या वडिलांना म्हणाला, "पण पंतला तो दिवस आणून कोणी दिला?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रावळपिंडी." एप्रिल २००४. सेहवाग शून्यावर गेला आणि द्रविड आला तो बारा तासांहून अधिक काळ गेलाच नाही. २७० धावा, ४९५ चेंडू. पाकिस्तानात भारताने पहिली मालिका जिंकली ती त्या सामन्यात. ४९५ चेंडू हा एका डावात भारतीयाने खेळलेल्या चेंडूंचा विक्रम होता. तो मोडला कोणी? पुजारानेच. मार्च २०१७, रांची, ५२५ चेंडूंत २०२. काकांना हे ठाऊक नव्हतं. मावसभावाने ते राखून ठेवलं होतं असं मला वाटतं.

मध्येच अमरनाथ निघाले, निघायलाच हवे होते. १९८३ मध्ये बार्बाडोसला तोंडावर चेंडू बसून, टाके घालून मोहिंदर परत आले आणि ८० धावा करून गेले. वाडेकरही निघाले. डावखुरे, शांत, १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून देणारे कर्णधार. आणि काकांनी देवासची लाज राखायला विजय हजारेंना ओढून आणलं. हजारे आपल्या सांगलीचे, पण चाकरीला देवास दरबारात होते. ज्या विक्रमसिंहरावांच्या पदरी ते होते, तेच १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन छत्रपती शहाजी महाराज झाले. कुमार गंधर्वही आमच्या सुळेभावीहून येऊन देवासला राहिले. काकांचा दावा असा की चांगला माणूस कुठेही जन्मो, देवासला येतोच. हजारे मुख्यतः चौथ्या क्रमांकाचे हे मी सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

माझं मत मी तिथे सांगितलं, इथेही सांगते. फलंदाज म्हणून द्रविड मोठा, आणि वादाला जागा नाही. इंग्लंड, वेस्ट इंडिज, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे तो उभा राहिला. इंग्लंडमध्ये २०११ साली बाकीचे कोसळत असताना त्याने तीन शतकं केली, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. पुजाराला परदेशी इतक्या ठिकाणी घर करता आलं नाही. पण ऑस्ट्रेलियातले ते दोन दौरे समोर ठेवले, तर या जागेचं इतकं निखळ काम द्रविडच्या हातूनही एखाद्या वेळीच झालं असेल. आणि गंमत पाहा, द्रविडची सगळ्यात गाजलेली भागीदारी, २००१ ची कोलकात्याची ३७६ धावांची, ती तिसऱ्या क्रमांकावर नव्हतीच. त्या डावात तिसरा लक्ष्मण होता, आणि द्रविड सहावा. खाली ढकलल्यावरही १८० काढल्या.

एक गोष्ट मात्र त्या सकाळी कोणाच्या लक्षात नव्हती, ती मी काढली. पुजाराची पहिली कसोटी ऑक्टोबर २०१० मध्ये बंगळूरलाच झाली. पहिल्या डावात ४ धावा. दुसऱ्या डावात २०७ धावांचा पाठलाग होता. पहिली विकेट पडली, चिन्नास्वामीवर सगळे आपल्या राहुलची वाट बघत होते, आणि पॅव्हेलियनमधून उतरला राजकोटचा हा पोरगा. द्रविडच्या गावात, द्रविडच्या जागी. ७२ करून गेला. त्यानंतर द्रविड पाचव्या क्रमांकावर आला आणि विजय मिळवून नाबाद परतला. आपली खुर्ची आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच अंगणात दुसऱ्याला देणं घराघरांत किती जणांना जमतं? सासवांना विचारा. सुनांनाही विचारा.

दोघांचं जाणंही बिनआवाजाचं. द्रविडने ९ मार्च २०१२ ला चिन्नास्वामीवर पत्रकारांना बोलावून सांगितलं. शेवटची कसोटी जानेवारीत ॲडलेडला होऊन गेली होती, तीही पराभवाची. पुजारा २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलला १४ आणि २७ करून परतला, त्यानंतर संघात नाव आलंच नाही. दोन वर्षं तो सौराष्ट्राकडून आणि इंग्लंडमधल्या काउंटीत खेळत राहिला. मग एका रविवारी सोशल मीडियावर चार ओळी. मावसभाऊ यावर फार चिडला होता. त्याच वर्षी रोहित आणि कोहलीही कसोटीतून असेच गेले हे मी म्हटलं, पण त्याला ते पटलं नाही. "त्यांच्यासाठी लोक रडले तरी," तो म्हणाला. आवाज इतका चढला की चिक्कम्मा आतून ओरडली, "साकु माड्री इब्बरू!" ते दोघांनाही कळलं.

दुपारी पुरणाची डाळ निवडायला आम्ही दोघीच बसलो तेव्हा ती म्हणाली, पुजारा तिला आवडायचा. मी चकित झाले. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. "त्याची भाषा मला येत नाही," ती कन्नडात म्हणाली, "पण तो बोलतच नसे, म्हणून चालायचं."

आता त्या जागेवर कोण? गिल येऊन चौथ्यावर गेला. इंग्लंडमध्ये साई सुदर्शन झाला, आपला करुण नायर झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वॉशिंग्टन सुंदरला तिसरा पाठवला, जो मुळात फिरकी गोलंदाज. भारताला १२४ हव्या होत्या आणि डाव ९३ वर संपला. त्यात सगळ्यात जास्त धावा सुंदरच्या, ९२ चेंडूंत ३१.

त्या संध्याकाळी धारहून मावसभावाचा फोन आला. मी उचलला तर पलीकडे चिक्कम्मा. ती मुलाकडे गेली होती. कोण रे तो उंच मुलगा, मद्रासचा का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. "तमिळ थोडं थोडं कळतं मला," ती म्हणाली.