चालणारा संगणक आणि बरोबर चालणारा संगणक

सुटे भाग आणून घरीच संगणक जुळविणारे विद्यार्थी आता शहरोशहरी आढळतात. यंत्र जुळले, पडद्यावर अक्षरे उमटली, की पुढची ओढ साहजिकच असते ती प्रोसेसरची गती निर्मात्याने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याची. या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा निव्वळ पोरखेळ आहे असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत; प्रस्तुत लेखक त्यांपैकी नाही. या उद्योगात बिघाड हटकून उद्भवतो, आणि बिघाडाचे कारण शोधून काढण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. मात्र ते शोधण्याची जी रीत सर्रास रूढ झाली आहे ती शास्त्रीय नव्हे, हे स्पष्टपणे सांगावयास हवे.

प्रथम बिघाड का होतो ते पाहू. प्रोसेसरचे काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. ५ गिगाहर्ट्झ गतीच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला ५ अब्ज ठोके पडतात. म्हणजे दोन ठोक्यांमधील अवधी अवघा ०.२ नॅनोसेकंद. तेवढ्या अवधीत प्रकाशदेखील ६ सेंटीमीटरच अंतर कापतो. याच अवधीत प्रत्येक संकेत ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन स्थिर व्हावा लागतो. ठोके अधिक जवळ आणले, की सर्वांत लांबच्या वाटेने येणारा संकेत पोहोचण्यापूर्वीच पुढचा ठोका पडतो आणि १ च्या जागी ० नोंदला जातो. विद्युद्दाब, म्हणजे रूढ भाषेत व्होल्टेज, वाढविला तर ट्रान्झिस्टर अधिक त्वरेने काम करतात हे खरे. परंतु त्यासाठी खर्च होणारी शक्ती गतीच्या सम प्रमाणात आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती २० टक्क्यांनी व विद्युद्दाब १० टक्क्यांनी वाढविला, तर १.२ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.४५ पट शक्ती लागते, आणि ती सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर काढावी लागते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या भाषेत ‘चालते’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. यंत्र चालते, आणि ‘असेना का, चालते!’ गती वाढविल्यावर संगणक सुरू झाला, की हौशी मंडळी पहिल्या अर्थाने ‘चालतो’ म्हणतात आणि नकळत दुसऱ्या अर्थाने समाधान मानतात. वस्तुतः संगणक बंद पडणे हा त्यातल्या त्यात सौम्य बिघाड होय, कारण तो दिसतो. न दिसणारा बिघाड अधिक घातक. एखाद्या गणिताचे उत्तर चुकते, जतन केलेल्या छायाचित्रातील काही भाग बदलतो, आणि यंत्र मात्र काहीच घडले नाही अशा थाटात चालत राहते.

लक्षण एकीकडे व रोग दुसरीकडे, असेही वारंवार होते. १९९८ साली आलेला सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर हौशी लोकांत फार गाजला. मदरबोर्डाची मूळ गती ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केली, की हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बहुधा ४५० वर चाले. परंतु कित्येक मदरबोर्डांवर मधली ८३ मेगाहर्ट्झची गती निवडली, तर त्याच घड्याळातून निम्मी करून घेतलेली पीसीआय मार्गाची गती ३३ ऐवजी ४१ च्या वर जाई. अशा वेळी प्रोसेसर धडधाकट असूनही हार्ड डिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका असे. याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही प्रोसेसरांवर खेळ सुरू करताना ‘चित्रस्मृती अपुरी आहे’ असा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. दोष होता प्रोसेसरचा. प्रोसेसरमधील नियंत्रक सूचनांच्या चुकीमुळे तो वाजवीपेक्षा अधिक विद्युद्दाब मागून घेत होता, असे कंपनीने २०२४ साली जाहीर केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. सुधारित सूचना पुढे आल्या, परंतु जे प्रोसेसर आधीच दुबळे झाले होते ते त्यांनी पूर्ववत झाले नाहीत. बिघाड दिसताच विद्युद्दाब थोडा वाढवून पाहण्याची जी सवय सर्वत्र आहे, तिला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

मग योग्य रीत कोणती? पहिली पायरी माघारीची. बायॉसमधील सर्व मूल्ये निर्मात्याने दिलेल्या स्थितीत आणावीत. संगणक सुरूच होत नसेल, तर वीजजोड काढून मदरबोर्डावरील जंपरने किंवा नाण्यासारखी बॅटरी काही वेळ काढून ती पूर्ववत करावीत. स्मृतीची गती वाढविणारी एक्सएमपी ही सोयदेखील ओव्हरक्लॉकिंगच होय. ती बंद करण्यास पुष्कळ जण विसरतात. एवढे करूनही बिघाड राहिला, तर त्याचे कारण वाढविलेल्या गतीखेरीज अन्यत्र शोधावे.

दुसरी पायरी, एका वेळी एकच बदल. आधी केवळ स्मृतीची गती वाढवावी आणि मेमटेस्ट८६ सारख्या कार्यक्रमाने ती तपासावी. ती निर्दोष ठरल्यावरच प्रोसेसरला हात लावावा. त्याच्या परीक्षेसाठी प्राइम९५ उपयोगी पडतो. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी सुरू केलेल्या प्रकल्पातील हा कार्यक्रम आहे. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते तो प्रोसेसरकडून तासन्‌तास करवून घेतो आणि उत्तरे ताडून पाहतो. यंत्र चालते की नाही, एवढ्यावर न थांबता ते बरोबर चालते की नाही, हा प्रश्न येथे विचारला जातो.

तिसरी पायरी लक्षणे वेगळी करण्याची. तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की आजचे बहुतेक प्रोसेसर आपण होऊन गती कमी करतात. म्हणून काम मंदावले तर थंडावा पाहावा. उत्तर चुकले तर गती, विद्युद्दाब व स्मृती पाहावी. भारी काम निभावणारा संगणक रिकामा असताना बंद पडला, तरी नवल मानू नये. हलक्या कामात एखादाच गाभा सर्वोच्च गती गाठतो, आणि दुबळेपणा तेथे उघडा पडतो.

प्रत्येक बदल, खोलीचे तापमान आणि निकाल वहीत लिहून ठेवावे. खोलीचे तापमान लिहावयाचे, कारण दिल्लीत वा नागपुरात जानेवारीत निर्दोष ठरलेली गती मे महिन्यात टिकेलच असे नाही. कोणतीही परीक्षा दोष नाही हे सिद्ध करीत नाही. अमुक परिस्थितीत अमुक तासांत दोष आढळला नाही, एवढेच ती सांगते. विज्ञानातील प्रत्येक निष्कर्ष असाच मर्यादित असतो, ही जाणीव पाठ्यपुस्तकापेक्षा अशा वहीतून अधिक खोल रुजते.

यास्तव शालेय विज्ञान मंडळांनी एखादा जुना संगणक या कामासाठी वेगळा ठेवावा, असे सुचवावेसे वाटते. मात्र ज्या संगणकावर विद्यार्थ्यांचे गुण वा ग्रंथालयाची नोंदवही आहे, त्याची गती वाढवू नये. तेथे मिळणारा लाभ थोडा, आणि एका चुकलेल्या आकड्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते. घरच्या यंत्रावरही परीक्षेत दोष आढळला तर गती एक पायरी खाली आणावी, आणि तो निकाल इतर निकालांइतक्याच प्रामाणिकपणे वहीत नोंदवावा.