बाळकृष्णाच्या गालावरचा रंग

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री घरोघरी पाळणा हलतो आणि दुसऱ्या दिवशी परळ-लालबागच्या रस्त्यांवरून गोविंदांची पथके निघतात. हंडीच्या त्या गजराच्या आधीच, सकाळच्या प्रहरी, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या प्रांगणांत दुसरे एक गोड दृश्य दिसते. पीतांबर नेसलेली, मोरपीस खोवलेली, हाती चिमुकली बासरी धरलेली बाळे आईच्या कडेवर बसून मिरवत असतात. शेजारणी त्यांची दृष्ट काढतात, वडीलधारी माणसे कौतुकाने हात जोडतात. मुलाच्या ठायी देव पाहण्याच्या या भावनेविषयी कोणाही श्रद्धाळू माणसाला आदरच वाटेल. प्रश्न आहे तो त्या बाळाच्या गालावर, कपाळावर आणि कित्येकदा सर्वांगावर फासल्या जाणाऱ्या रंगाचा.

नैवेद्याचे तूप आपण वास घेऊन पाहतो, तांदूळ निवडून घेतो, फुलातली कीड झटकून मगच ते देवाला वाहतो. ज्या मुलात त्या दिवशी आपण गोपाळकृष्ण पाहतो, त्याच्या कोवळ्या त्वचेला लावायचा रंग मात्र कोणत्या पुडीतून आला, याची चौकशी आपण करतो काय?

परळचे रंगाशी नाते जुने आहे. १९२२ मध्ये उभ्या राहिलेल्या दामोदर नाट्यगृहात गिरणी कामगारांनी तोंडाला रंग लावून नाटके केली. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी दशावतार आणि नमन-खेळे या वस्तीत आणले. गणेशमूर्तींच्या कार्यशाळांचाही हाच परिसर, आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास तेथे रंगकामाची धांदल उडालेली असते. त्यामुळे रंग येथे सहज हाताशी असतो. हाताशी असलेल्या डब्यातले दोन थेंब मुलाच्या तोंडाला लावले तर काय बिघडते, असे वाटण्याचा मोहही तितकाच सहज होतो.

बिघडते ते असे. आपल्या परंपरेने ओळखीचे झालेले कित्येक तेजस्वी रंग खनिजांचे आहेत. हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आहे, हरताळ सोमलाचे. सफेदा जस्ताचा असतो, तसा शिशाचाही असतो. मारुतीरायाला आपण भक्तिभावाने लावतो तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्मवत पूड. पाषाणाच्या मूर्तीला तो शोभतो, कारण मूर्ती ओठ चाटत नाही आणि माखलेले बोट तोंडात घालीत नाही. हनुमंताचे सोंग घेतलेले चार वर्षांचे पोर या दोन्ही गोष्टी करते. पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात प्रौढांच्या चार-पाच पट शोषले जाते, आणि त्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा घाला पडतो तो वाढत्या मेंदूवर.

या अज्ञानाची किंमत इतरत्र मुलांनी मोजलेली आहे. जपानात तान्ह्या मुलांना मेंदूच्या एका गूढ विकाराने ग्रासले होते. त्याचे मूळ मातांच्या चेहऱ्यावरील पांढऱ्या शिसेयुक्त पावडरीत आहे, हे क्योतो येथील बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले. त्या मातांनी जाणूनबुजून काही केले नव्हते. बाजारात मिळणारी वस्तू त्यांनी विश्वासाने वापरली होती. आणि इतके दूर तरी कशाला जावे? २०१२ च्या होळीत आपल्या धारावीत रंगांची बाधा होऊन शंभराहून अधिक जणांना, त्यांतही बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले आणि एक मुलगा प्राणास मुकला.

"आमच्या लहानपणी कोण एवढे पाहत होते?" असे वडीलधारी मंडळी म्हणतील. परंतु त्या काळी कपाळावर गंध आणि गालावर काजळाची तीट एवढाच बहुधा साज असे. आज निळा, सोनेरी, चंदेरी असा सगळा चेहराच रंगवला जातो आणि तोही पावसाळ्यात. सर आली किंवा घाम फुटला की तो रंग ओघळून थेट डोळ्यांत उतरतो.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. शाळेतल्या चित्रकलेचे रंग, मूर्तीचे रंग, कपड्यांची नीळ आणि मखराची चमकी यांपैकी काहीही मुलाच्या तोंडाला लावू नये. चित्रकलेच्या रंगाच्या डबीवर बिनविषारी असे छापलेले असले, तरी तो रंग कागदासाठी केलेला असतो, कातडीसाठी नव्हे. रंग लावायचाच तर त्वचेसाठी म्हणून विकला जाणारा, पाण्याने धुऊन जाणारा रंग घ्यावा. त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत आहे की नाही, हे वाचून पाहावे. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक पाहावा. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिसे किंवा सोमल वापरण्यास आपल्या कायद्याने बंदी आहे. पण कायद्याचे हे छत्र नावागावाच्या मालाला लाभते, सुट्या पुडीला नाही. आदल्या दिवशी मुलाच्या मनगटाच्या आतील बाजूस रंगाचा ठिपका लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तेथे लाली वा खाज आढळली, तर तो रंग बाजूला ठेवावा. डोळे आणि ओठ यांच्या जवळ रंग नेऊ नये. एकाच स्पंजाने दहा मुलांचे चेहरे रंगवू नयेत, कारण हे दिवस डोळे येण्याचेही असतात. रंग उतरवताना खोबरेल तेल आणि सौम्य साबण पुरे. रॉकेल किंवा थिनर यांना हातही लावू नये. रंग डोळ्यांत गेलाच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. लहान मुलांसाठी १९२९ पासून उभे असलेले वाडिया रुग्णालय परळातच आहे.

मंडळांनी आणि बालवाड्यांनीही यात पुढाकार घ्यावा. मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांच्यावर होणाऱ्या खर्चात चांगल्या रंगाच्या एका संचाची रक्कम नगण्य आहे. वेशभूषा स्पर्धेच्या ठिकाणी तो संच वेष्टनासह मांडून ठेवावा, म्हणजे पालकांना तो पाहता येईल. परीक्षकांनीही रंगवलेल्या चेहऱ्यापेक्षा मुलाच्या हावभावाला आणि पाठांतराला अधिक गुण द्यावेत.

आणि मुळात एवढा रंग हवाच कशाला? सहाणेवर उगाळलेले चंदन, गोपीचंदनाचा टिळा, तांदळाच्या पिठीच्या चार टिकल्या, डोक्यावर मोरपीस आणि गळ्यात तुळशीची माळ, एवढ्यानेही बाळाचा कृष्ण होतो. श्यामवर्ण हा भक्ताच्या दृष्टीत असतो. तो डबीतून आणावा लागत नाही. यंदा पाळण्याची दोरी ओढण्यापूर्वी, उद्या बाळाच्या तोंडाला काय लावणार आहोत, याचा विचार प्रत्येक घराने करावा. देवघरात पाळतो ते सोवळे त्या कोवळ्या गालाच्याही वाट्याला येऊ द्यावे.